आत्ताबापूंची वाळू

'उद्या' हा शब्द आत्ताबापूंना सहन होत नसे. कुणी तो उच्चारला की हातातली काठी जमिनीवर आपटायची, मान मागे टाकायची आणि गरजायचं, "उद्या नाही. आत्ता!" न्हाव्याला आत्ता, टपालवाल्याला आत्ता, इंग्रजाला आत्ता. तिसगावच्या बाजारात एकदा कासार कुठल्याशा बाईला म्हणाला, "तुमच्या मापाच्या बांगड्या पुढल्या बाजारी आणतो." बापूंचा त्या बाईशी संबंध नाही, बांगड्यांशी तर नाहीच नाही. पण मध्ये पडून त्यांनी त्या कासाराला भर बाजारात हिंदुस्थानच्या पारतंत्र्याची कारणं ऐकवली. बांगड्या पुढल्या बाजारीच आल्या. बापूंना मात्र त्या दिवशी जे नाव पडलं ते कायमचं.

असा एखादा तुमच्याही गावात असेल. टोपी कडक, आवाज कडक, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी उत्तर तयार. मी स्पष्टच लिहिते, गुळगुळीत लिहायला मला कुणी शिकवलं नाही: मला या माणसाचा तिटकारा होता. अजूनही पुष्कळसा आहे.

बापू मूळचे तिसगावचे, पण वकिली नगरला. बेचाळीसच्या चळवळीत पकडले गेले, दोन वर्षं आत राहिले, आणि सुटल्यावर वकिली सोडून गावातल्या घरी येऊन राहिले. तुरुंगात गेले हे खरं. त्याबद्दल मी त्यांच्या पाया पडले होते आणि आजही पडेन. पण तुरुंगात गेलेला माणूस बाहेर येताना सगळ्याच विषयांतला जाणकार होऊन येतो, हे कुणी ठरवलं? आम्हीच ठरवलं. कुणाची म्हैस आटली, बापूंना विचारा. मुलाला गोवर आला, बापूंना विचारा. बापूही कधी म्हणाले नाहीत की बाबांनो, मी वकील आहे, म्हशीतलं मला कळत नाही. ते उत्तर द्यायचे. आत्ता द्यायचे.

चहासुद्धा त्यांना निववून पिता येत नसे. कप हातात आला की तोंडाला लागलाच. बशी पुढे सरकवली तर म्हणायचे, "बशी म्हणजे विलंब." त्यामुळे जीभ बारा महिने पोळलेली, आणि कुठल्याच भाजीची चव त्यांना धड कळत नव्हती. हा माणूस पुढे भाजीवर पत्रक लिहिणार होता.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. वडील तिथल्याच शाळेत मास्तर. मी मॅट्रिक झाले होते आणि बाकीचं शहाणपण पत्रकांतून घेतलं होतं. बेचाळीसच्या धामधुमीत चोरून पत्रकं वाटली होती. सायक्लोस्टाइलची शाई नखांतून महिना महिना जायची नाही, आणि ती जाऊ नये असंच मला वाटायचं. छापलेल्या अक्षरावर माझी जेवढी श्रद्धा होती तेवढी देवावर नव्हती. अशी मुलगी बापूंना आयतीच मिळाली. "पोरी, लिहून घे," ते म्हणायचे, आणि मी लिहून घ्यायची.

दिवस टंचाईचे होते. रेशनवर किडकं धान्य, आणि जिथे तिथे 'परसात भाजी लावा' असा प्रचार. बापूंच्या घरामागे मोठं परस होतं, पण माती ओढ्याकाठची, काळी, चिकण. ओली असली की पायातली वहाण ठेवून घेते, वाळली की हातभर भेगा पडतात. गावातल्या बायका त्याच मातीत वर्षानुवर्षं वांगी-मिरच्या काढत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. बापूंनी परसात उभं राहून त्या मातीकडे बघितलं ते एखाद्या फितुराकडे बघावं तसं. "ही माती प्रतिगामी आहे," ते म्हणाले. "हिच्याशी तडजोड नाही." मी तेही वहीत उतरवून घेतलं.

विजयाचा आराखडा त्यांच्याकडे तयारच होता. तुरुंगातच लिहून काढला होता. पत्रकाचं नाव 'काळ्या मातीवर विजय'. शुद्ध प्रत मी केली. पेट्रोल नव्हतं म्हणून मोटारी तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायच्या; तसल्या मोटारीत खोकत नगरला जाऊन छापूनही मीच आणलं. मजकूर थोडक्यात असा: माती ओली असतानाच खोल खणा. नदीची जाड वाळू आणून दर वाफ्यात दहा पाट्या कालवा. ढेकळं तशीच पडू द्या. आणि हे सगळं आत्ता करा, कारण "वाट पाहणारा बागवान आणि वाट पाहणारा देश, दोघेही उपाशी मरतात." या वाक्याखाली जाड रेघ होती. रेघ माझी.

अमीनाबी बागवान ओढ्याच्या अलीकडे राहायची. नवरा पलटणीत, ब्रह्मदेशाकडे कुठेतरी. घरात ती आणि म्हातारी सासू. घरामागे दोन गुंठ्यांचा तुकडा. वांगी, मेथी, चुका, बांधाला दोडक्याचे वेल. दर बाजारी एक पाटी भरायची, आणि त्या पाटीवर दोन बायकांचं आठवड्याचं पोट. बापूंच्या ताटात भरलं वांगं असायचं तेही तिथलंच. मी पत्रक घेऊन गेले तेव्हा परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता, आणि ती बांधावर उभी राहून चुलीतली राख चाळत होती. एका बाजूला शेळीच्या लेंड्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला हरभऱ्याचा भुसा. मी मनात म्हटलं, बिचारी अडाणी बाई.

"चाची, बापूंनी लिहिलंय. वाचून दाखवते."

"वाच की. बापूनं लिवलंय म्हंजी ऐकाया पायजे."

मी वाचलं. राखेचे हात तसेच अधांतरी धरून ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मंग वाफसा येऊ द्यायचा का न्हाई?"

वाफसा म्हणजे ओल उतरून माती हाताला चिकटेनाशी होते ती वेळ. मुठीत दाबली तर गोळा होतो, आणि बोटानं ढकलला तर फुटतो. अमीनाबीची सगळी बागायत या एका गोष्टीवर उभी होती. वाफसा नसेल तर ती वाफ्यात पाय टाकत नसे, शेळीलाही टाकू देत नसे.

"नाही. ओल्यातच खणायचं."

"चिखलात?"

"हो."

"अन् वरून वाळू?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मला तर समदं उलटंच वाटतंय बग, ताई. पन मी काय, दोन गुंठ्याची मालकीन. बापू जेलात गेल्ते. लोकांपायी जेलात गेलेला मानूस खोटं कशाला लिवील?"

ओसरीवरून सासू ओरडली, "जेलात वांगी हुती का गं?"

"गप बसा, अम्मा," अमीनाबी म्हणाली. मलाही म्हातारीचा रागच आला.

"आदी एका वाफ्यात करून बगते," अमीनाबी म्हणाली.

त्यालाही पत्रकात उत्तर होतं. "'अर्धी सुधारणा म्हणजे सुधारणेशी फितुरी,'" मी वाचलं. अशी वाक्यं वाचताना माझा आवाज आपोआप चढायचा. अमीनाबीनं मान खाली घातली. "बरं," ती म्हणाली. "समद्याच वाफ्यांत करते."

नदीची वाळू गाढवांवरून आली. आठ-दहा दिवसांत दोन गुंठ्यांचा चिखल झाला आणि त्या चिखलात वाळू बसली. पुढचं सांगायला मला लाज वाटते. बापूंना ती वाटली नाही, म्हणून त्यांच्या वाटणीचीही मलाच वाटून घ्यावी लागते. ऊन तापलं तसा वाफा आळत गेला आणि महिन्याभरात त्याची फरशी झाली. पाणी सोडलं तर ताटातल्यासारखं वर उभं राहायचं, आत जायचंच नाही. टिकाव मारला तर टणकन आवाज यायचा आणि मुठीला झिणझिण्या. वांग्याची रोपं वीतभर होऊन थांबली, पिवळी पडली. मेथी उगवलीच नाही. बाजारच्या दिवशी अमीनाबीच्या जागेवर दुसरीच बाई गवारी घेऊन बसलेली मी पाहिली. अमीनाबी लोकांच्या रानात खुरपायला जात होती. दोघी मिळून एक भाकरी मोडतात, हे मला म्हातारीनं सांगितलं.

बापूंच्या परसातही हेच झालं होतं. पण त्यांच्याकडे ज्वारीची कणगी होती आणि 'संक्रमणकाळ' नावाचा एक शब्द होता. कुणी विचारलं की म्हणायचे, "हा संक्रमणकाळ आहे." पोट भरलेल्या माणसाला असले शब्द सुचतात. मी एका सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "चला, अमीनाबीचा संक्रमणकाळ बघायला." उद्या येतो म्हणण्याची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. आले.

वाफ्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी काठी आपटली. काठी हातातून उडाली.

"वाळू कमी पडली," बापू म्हणाले.

मी तोंड उघडणार तोच अमीनाबी हसली. हसली म्हणजे नाकातून वारा सोडला. "बापू, आमच्या शेजारचा गवंडी हीच माती अन् हीच वाळू कालवतो. तो भित बांधतो वो. मला भाजी पायजे हुती."

"अमीनाबी, जरा धीर धरा."

"धीर?" ती म्हणाली. "धीर मी धरतच हुते की! तुमीच म्हनला, थांबू नगा."

आत्ताबापूंना त्यांच्याच गावात असं कुणी बोललं नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस 'चुकलं' म्हणेल. तीन अक्षरं आहेत. ते म्हणाले, "प्रयोगात त्याग असतोच," आणि काठी उचलून चालू लागले. त्याग कुणाचा, ते काही सांगितलं नाही.

मी मागोमाग गेले आणि त्यांच्या ओसरीवर बसकण मारली. "बापू, हे मातीचं शास्त्र तुम्ही शिकलात कुठे?" त्यांना वाटलं, मी कौतुकानं विचारतेय. आतून तुरुंगातली वही घेऊन आले. तुरुंगाच्या कचेरीत जुनी विलायती मासिकं येऊन पडायची. त्यांतल्या एका बागकामाच्या मासिकातला लेख बापूंनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला होता. विलायती कापडाची होळी करणाऱ्या माणसानं तिसगावच्या वांग्यांसाठी विलायती चिखलाचं शास्त्र आणलं होतं! असू दे, चांगलं ते कुठूनही घ्यावं, म्हणून मी तेही गिळलं. पण इंग्रजी मलाही वाचता येत होतं. लेखात लिहिलं होतं की हिवाळ्यापूर्वी ओली ढेकळं उपटून तशीच पडू द्या, म्हणजे कडाक्याच्या थंडीत ढेकळातलं पाणी गोठेल, फुगेल आणि ढेकूळ आपोआप फुटेल. गोठण्याचं हे वाक्य बापूंनी आधी नीट उतरवलं होतं आणि मग पट्टी धरून, शाईनं, सरळ रेघेत खोडलं होतं.

"हे का खोडलंत?"

"आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, पोरी?" बापू म्हणाले. "अनावश्यक मजकूर काढून टाकावा."

मी पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे, सभांत पाहिला, कचेऱ्यांत पाहिला. पण इतका टापटिपीचा मूर्खपणा पुन्हा पाहिला नाही. ढेकूळ फोडणारा बर्फ तेवढा खोडला आणि ढेकूळ ठेवून दिलं. ते ढेकूळ मी घरोघर वाटलं.

"पत्रक मागे घ्या," मी म्हटलं. "चूक झाली असं छापा. आत्ता."

बापूंनी वही मिटली. "एकदा छापलं की मागे घ्यायचं नसतं. शत्रू हसतो."

"अमीनाबी उपाशी आहे."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच तो शब्द ऐकला. "उद्या," बापू म्हणाले. "उद्या बघतो."

आता जे लिहायचं ते माझ्या सोयीचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बापू खरोखरच गड्याच्या डोक्यावर अर्धं पोतं ज्वारी देऊन अमीनाबीच्या दारात हजर झाले. तिनं नको-बिको म्हटलं नाही. पोतं आत ठेवायला लावलं आणि म्हणाली, "दान्याचं झालं. आता वाफा कोन फोडनार?"

बापूंनी धोतर खोचलं.

पुढची दोन-अडीच वर्षं, गावात असतील त्या सकाळी, हा माणूस तिच्या वाफ्यात असायचा. ज्वारीही दर हंगामाला येत राहिली. टिकावानं फरशीच्या खपल्या काढायच्या, घमेल्यानं बांधापलीकडे टाकायच्या, उरल्या मातीत लेंडीखत, भुसा, राख, पाचोळा कालवायचा, ताग पेरायचा आणि हिरवाच गाडायचा. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. वकील बागवानाच्या घरी राबतो म्हणून गावात कुजबुज झाली. ती त्यांनी पारावर जाऊन काठी आपटून बंद केली. काम मात्र त्यांना येत नव्हतं. घमेलं काठोकाठ भरायचे आणि निम्मं वाटेत सांडायचे. एकदा तण समजून तागच उपटून काढला. अमीनाबी सगळ्यांदेखत म्हणायची, "बापू, वकिलीत बी असंच करत हुता का?"

खरी गंमत पाऊस पडून गेल्यावर. बापू कुदळ घेऊन हजर, आणि अमीनाबी म्हणायची, "बसा. वाफसा न्हाई."

बापू बांधावरच्या दगडावर बसायचे. थोड्या वेळानं म्हणायचे, "आत्ता?"

"न्हाई."

"आत्ता?"

"बापू, तुमी इचारून माती लवकर सुकंल व्हय? गोळा करून बगा की."

बापू वाकून मूठभर माती घ्यायचे, दाबायचे, बोटानं ढकलायचे. गोळा चपटा व्हायचा, फुटायचा नाही. ओसरीवरून म्हातारी ओरडायची, "न्हाई फुटला! जावा घरला!" आणि कोर्टात साहेबावर आवाज चढवणारा हा माणूस मुकाट्यानं कुदळ खांद्यावर टाकून घरला जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच दगडावर मी त्यांना चहा बशीत ओतून, फुंकर मारून पिताना पाहिलं. प्यायल्यावर म्हणाले, "यात आलं आहे का?" आलं अमीनाबी पहिल्या दिवसापासून घालत होती. त्या दगडावर बसलेले बापू मला आवडायचे. दगडावरून उठले की नाही.

कारण दगडावरून उठून ते घरी जायचे आणि पत्रकाबद्दल गप्प बसायचे. मी विचारायची, "दुरुस्ती छापायची ना?" ते म्हणायचे, "बघू." पहिल्या आवृत्तीच्या प्रती तोवर पाथर्डीकडे, शेवगावकडे पोचल्या होत्या. कुठल्या कुठल्या अमीनाबी आपल्या वाफ्यांच्या फरश्या करून बसल्या असतील, कुणास ठाऊक. तिथे घमेलं घेऊन कोण जाणार होतं? एका बाईच्या दोन गुंठ्यांत घाम गाळला म्हणजे बाकीच्यांना तोंड दाखवायला मोकळे झालो, हा हिशेब वकिलाचा. माझा नाही.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात वाफ्याची पुन्हा माती झाली. टिकावाची गरज उरली नाही, खुरपं पुरायला लागलं. वांगी अशी लगडली की झाडांना काटक्यांचे टेकू द्यावे लागले. नवरा पलटणीतून सुखरूप परत आला होता. बाजारच्या दिवशी तो पाटी घेऊन पुढे, अमीनाबी मागे, आणि गवारीवाल्या बाईनं सरकून तिला तिची जागा दिली. स्वातंत्र्य आलं, पाठोपाठ समित्या आल्या. भाजीपाला वाढवण्याच्या कुठल्याशा समितीवर बापूंची नेमणूक झाली, आणि एके दिवशी ते नगरहून फोटोग्राफर घेऊन आले. अमीनाबीच्या वांग्यांत उभे राहिले, काठी बाजूला ठेवून, हातात कुदळ धरून. आपल्यालाही बोलावतील म्हणून अमीनाबीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. फोटोग्राफर म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा. सावली पडतेय." बापूंनी ते ऐकलं. ऐकलं हे मी पाहिलं. त्यांनी कुदळ जरा वर धरली.

महिन्याभरानं माझ्याकडे गठ्ठे आले. 'काळ्या मातीवर विजय', दुसरी आवृत्ती. मुखपृष्ठावर वांग्यांतले बापू. आत मजकूर तोच. ओलं खणा, वाळू घाला, आत्ता. शब्द न् शब्द तोच, माझ्या जाड रेघेसकट. चारशे प्रती, आणि सोबत चिठ्ठी: "पोरी, तालुकाभर वाट."

मी दोन्ही गठ्ठे उचलले आणि तडक अमीनाबीकडे गेले. तिनं चित्र ओळखलं. "माजी वांगी," ती म्हणाली. मग बापूंवर बोट ठेवलं. "अन् हे मदी." मग म्हणाली, "आत काय लिवलंय? वाच."

तीन वर्षांपूर्वी मी याच बांधावर उभी राहून आवाज चढवून वाचलं होतं. आता वाचताना दातांखाली वाळू करकरल्यासारखं झालं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हातारीला एव्हाना कमी ऐकू यायला लागलं होतं, ती ओसरीवरून विचारत होती, "काय म्हनतोय वकील?" अमीनाबी तिकडे तोंड करून ओरडली, "वाळू घाला म्हनतोय!" म्हातारीनं कपाळावर हात मारला.

"ताई," अमीनाबी म्हणाली, "ह्यो कागद कुजतो का?"

"कुजतो. कुजत असावा."

"शाईनं मातीला काई वंगाळ हुतं का?"

"मला माहीत नाही, चाची." छापील गोष्टीबद्दल हे वाक्य मी त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं.

"मंग वरच्या कोपऱ्यात टाकू. तितली माती अजून आवळलेली हाय. एकाच कोपऱ्यात करून बगू आदी."

आम्ही दोघी बसलो. चारशे प्रती फाडल्या, शेणकाल्यात भिजवल्या, आणि कोपऱ्यातल्या खड्ड्यात एक थर पाचोळा, एक थर 'विजय' असे रचत गेलो. कागद समितीचा होता. मी हे उघड लिहिते आहे, ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं म्हणावं. पत्रकं वाटण्यात माझं सगळं तरुणपण गेलं. पत्रक गाडण्यात एवढं सुख असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वरून माती लोटली आणि अमीनाबीनं त्यावर शेळीलाही पाय टाकू दिला नाही.

पुढे बापूंचं मुंबईला जायचं ठरलं. तिथे म्हणे त्यांची फार गरज होती. निघायच्या आदल्या सकाळी ते वाफा बघायला आले. टोपी नवी, काठी जुनी. मी तिथेच होते. बोलत बोलत ते वरच्या कोपऱ्यात गेले, सवयीनं वाकले, मूठभर माती उचलली, दाबली, बोटानं ढकलली. गोळा फुटला, आणि त्यातून कागदाचा एक कपटा निघाला. मुखपृष्ठाचा जाड कागद, तो लवकर कुजत नाही. बापूंनी तो चष्म्याजवळ धरला. त्यावर अर्धी टोपी होती आणि एक वांगं.

मी तयारीतच उभी होते. चार वर्षांचं सगळं ओठांवर होतं. त्यांनी ओरडावं, काठी आपटावी, एवढीच वाट बघत होते. अमीनाबीनं पदर तोंडाला लावला होता. ओसरीवरची म्हातारी मान पुढे काढून बघत होती.

बापूंनी कपटा परत मातीत ठेवला. वरून दोन मुठी माती लोटली. मग जाऊन त्या दगडावर बसले आणि आमच्यापैकी कुणाकडेही न बघता म्हणाले, "अजून कुजला नाही. थांबावं लागेल."

अमीनाबी म्हणते, बापूनं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी ती वांग्यांची पाटी घेऊन त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेली. मी गेले नाही. चूक छापलेली होती. बांधावर बसून, तिघींच्या समोर, तोंडी दिलेली कबुली मला चालत नाही. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अजून खेड्यापाड्यांतून निघतात, आणि मी त्यांच्या मागे फिरते. घरोघर जाते, प्रत मागून घेते, आणि बाईनं विचारलं की मग माती खणायची कधी, तर मूठभर उचलून तिच्याच हातात देते आणि बांधावर बसून राहते.

परवा चिचोंडीच्या वाटेला एका घरी अशीच बसले होते. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. बाईनं गोळा केला, बोटानं ढकलला. मला पुढच्या गावी जायचं होतं, ऊन चढत होतं, आणि माझ्या नकळत माझ्याच तोंडून निघून गेलं, "आत्ता?"

बाईनं मान हलवली. "न्हाई," ती म्हणाली. "बसा."

मी बसले.